रक्तात काही नाही

माझ्या मोठ्या भाऊजींनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, माझ्या गोळ्या सगळ्यांदेखत विस्तवात टाकल्या. त्या दुपारपासून मी त्यांचं वाईट कधी होतं याची वाट पाहत होते. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

भाऊजी पॅथॉलॉजिस्ट आहेत. रामदासपेठेत त्यांची स्वतःची लॅब आहे. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर गणपती आणि गणपतीशेजारी त्यांच्या सत्काराचा फोटो. सासरची मंडळी काटोलकडची, संत्र्याचे बागाईतदार. त्या घराण्यातले भाऊजी पहिले डॉक्टर, त्यामुळे कोणाला ताप आला, कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कोणाच्या म्हाताऱ्याला चक्कर येते, सगळे निकाल त्यांच्याकडे. बैल आजारी पडला तरी सासूबाई आधी त्यांना फोन करायच्या. भाऊजींचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माणूस खोटं बोलते, रक्त खोटं बोलत नाही." हे वाक्य ते लग्नात, बारशात, तेरवीच्या पंगतीतही म्हणत आणि लोक माना हलवत.

आम्ही हुडकेश्वरला राहतो. नवरा विमा कंपनीत नोकरीला, मी शाळेत मराठी शिकवते. मुलगी पाचवीत होती तेव्हा मला आजार झाला. कारण काहीच नव्हतं आणि हेच लोकांना पटत नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणी टाकलं नव्हतं. पेपर तपासायला घेतले की अक्षरं दिसायची, पण शब्द लागायचा नाही. न्हाणीघरात बादली भरून वाहायला लागायची आणि मी शेजारच्या पाटावर बसून ते वाहणं बघत राहायचे. नळ बंद करायला हात उचलायचा नाही. एकदा मुलीची एक वेणी घालून झाली आणि दुसरी घालणं मला जमेना. ती पोर तशीच, एक वेणी आणि एक बाजू मोकळी, रिक्षात बसून शाळेत गेली.

मी माझीच मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डिप्रेशन असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि धीर धरा म्हणाले, कारण या गोळ्या हळू चढतात. चढल्याही. मी पुन्हा आपली आपण आंघोळ करू लागले होते. एक दिवस तर फोडणीचा वास आवडलाही होता. पण घरात गोळ्यांचं कळलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "आधी मले रक्त पाहू दे." त्यांनी स्वतः माझं रक्त घेतलं. मला बरंच वाटलं. घरातलं कोणीतरी शेवटी माझ्याकडे बघतंय, असं वाटलं.

दर थंडीत काटोलच्या बागेत रोडग्यांचा कार्यक्रम असतो. कणकेचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून त्यावर तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. सगळे भाऊबंद जमतात. त्या वर्षी झाडं संत्र्यांनी वाकलेली होती, सतरंज्या टाकलेल्या होत्या आणि मी एका कडेला बसून कांदे चिरत होते. भाऊजींनी खिशातून मोबाईल काढला.

"ऐका रे सगळे," ते म्हणाले. "हिचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, शुगर नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह नॉर्मल. रक्तात काही नाही. आता सांगा, हिले काय झालं असंन?"

"कामाचा कंटाळा झाला असंन," नणंद म्हणाली आणि सगळी बाग हसली.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ती कुठं होतं वं हे डिप्रेशन? व्हायले टाइम तं पाहिजे."

पुन्हा हसणं झालं. मीही हसले, कारण अशा वेळी काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मग भाऊजींनी हात पुढे केला. "गोळ्या कोणत्या चालू हायेत? दाखव."

मला वाटलं त्यांना नाव वाचायचंय. मी पर्समधून पट्टी काढून माझ्या हाताने त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचलंही नाही. विस्तवात भिरकावली. "ह्या गोळ्यांनी माणूस झोपून राहते. आजपासून बंद. सकाळी उठून फिराले जात जा, घरची चार कामं कर, सगळं नीट होते."

पट्टी आधी आकसली, मग तिच्या कडेने निळी ज्योत फिरली आणि एक कडवट वास सुटला. नणंद ओरडली, "दादा, काय करून राहिला गा! रोडग्याले वास लागन ना!"

माझ्या बाजूने त्या दिवशी एवढंच कोणी बोललं, आणि तेही रोडग्यांसाठी. माझा नवरा चिमट्याने रोडगे परतत होता. तो परततच राहिला. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाला, "दादा डॉक्टर हाये. त्याले आपल्यापेक्षा समजते."

गोळ्या एकाएकी तोडल्यावर काय होतं ते मला नंतर मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की मी पडत होते आणि खाली तळ नव्हता. पुढचं मी थोडक्यात सांगते. एका सकाळी, नवरा आणि मुलगी बाहेर पडल्यावर, मी मरायचं ठरवलं. शेजारच्या काकूंना दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली, त्यांनी आरडाओरडा करून दार तोडायला लावलं, म्हणून मी आहे. मग हॉस्पिटल, वॉर्ड, पुन्हा गोळ्या. माझे वडील म्हातारपणी जुन्या शहरातल्या महाल भागातून रोज सिटी बसने येत आणि माझ्या पलंगाशेजारी पेपर मोठ्याने वाचत बसत. सासरचं कोणी आलं नाही. मुलीला भाऊजींनी आपल्या घरी नेलं होतं. लोकांना सांगितलं, "बिचारीची आई अशी, मग पोरीले कोण पाहीन?"

मी घरी आले तेव्हा मुलगीही परत आली. तिचे केस नीट विंचरलेले होते, वह्यांना नवी कव्हरं होती. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, तर तिने विचारलं, "आई, काका म्हणतात तुझं रक्त एकदम चांगलं आहे. मग तू उठत का नव्हतीस?"

मी हात मागे घेतले. स्वयंपाकघरात गेले, डब्यातली कालची पोळी काढली आणि उभ्याउभ्या खाल्ली. मग दुसरी खाल्ली. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती. मला तेव्हाच कळलं की हा राग आहे आणि तो मला पचतोय.

त्या रागावर मी बरीच वर्षं काढली. गोळ्यांनी मला उभं केलं हे खरं, पण सकाळी उठून कशासाठी तयार व्हायचं, ते रागाने दिलं. शाळेत पुन्हा रुजू झाले. सणवाराला सासरी गेले, भाऊजींना वाकून नमस्कार केला, त्यांच्या पानात वाढलं. मनात एकच. यांच्या तोंडावर असं काही फेकायचं की यांना त्यांच्याच भाषेत कळेल. आणि त्यांची भाषा एकच होती, रक्त.

म्हणून मी ज्या हॉस्पिटलमध्ये तपासणीला जायचे तिथे एक तरुण डॉक्टरबाई रक्तातल्या प्रोटीनवर संशोधन करताहेत असं कळलं, तेव्हा मी धावतच गेले. डिप्रेशन असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या रक्तात काही प्रोटीन कमी-जास्त असतात का, हे त्या बघत होत्या. शरीरात कुठे सूज-दाह असेल तर वाढणारं एक प्रोटीन, आणि मेंदूतल्या पेशींना पोसणारं दुसरं, जे अशा पेशंटांमध्ये बरेचदा कमी सापडतं. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं, संमती घेतली, दंडाला पट्टा बांधला. नळीत रक्त चढताना मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता बोल. एकदा काय ते बोलून टाक.

त्यांनी नळी मशीनमध्ये गरगर फिरवली. वरचं पिवळट पाणी वेगळं काढलं आणि गोठवायला ठेवलं. मी विचारलं, "माझा आकडा कधी मिळेल?"

"आकडा?" त्या म्हणाल्या. "एकेकाचा रिपोर्ट आम्ही देत नाही, मॅडम. हे संशोधनापुरतं आहे."

"पण मला पाहिजे. कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त. सही करून द्या."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "असं बघा. पुरुष बायकांपेक्षा उंच असतात की नाही? साधारणपणे असतात. पण मी तुम्हाला नुसती एक उंची सांगितली आणि विचारलं, हा पुरुष की बाई, तर सांगता येईल? तसंच आहे हे. पुष्कळ लोकांचं रक्त एकत्र पाहिलं तर फरक दिसतो. एका माणसाचं पाहून निदान करता येत नाही. साधी सर्दी झाली, हिरडी सुजली, वजन वाढलं, तरी यातलं एक प्रोटीन वाढतं."

"म्हणजे माझ्या रक्तात काही नाही असंच ना?" माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेले पेशंट आत बघायला लागले.

"मी असं म्हटलं नाही. तुमचा आजार खरा आहे हे कळायला मला तुमच्या रक्ताची गरज नाही. तुम्ही सांगितलंत ना, तेवढं पुरे."

आज मला त्या वाक्याची किंमत कळते. तेव्हा ते माझ्या काही कामाचं नव्हतं. भाऊजींना मी काय सांगणार होते? की एका बाईचा माझ्यावर विश्वास बसला? मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून हुंदके देऊन रडले. दुःखाने नाही. इतकी वर्षं धार लावलेलं शस्त्र हाताला लागता लागता निसटलं, म्हणून.

आणि मग, मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी, भाऊजींनीच ते शस्त्र माझ्या हातात आणून दिलं.

एका रविवारी ते आमच्या घरी आले. सोबत संत्रा बर्फीचा डबा. हुडकेश्वर त्यांना लांब पडतं, म्हणून कधी यायचे नाहीत. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी बॅगेतून एक रंगीत पत्रक काढून टीपॉयवर ठेवलं. त्यावर खिडकीत बसलेल्या उदास बाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात, 'मनाचा आजार आता रक्तात दिसणार'. त्यांच्या लॅबचं नवं पॅकेज. बाहेरच्या एका मोठ्या लॅबशी त्यांनी करार केला होता. रक्त इथे घ्यायचं, प्रोटीनची तपासणी तिकडे व्हायची आणि रिपोर्टवर लिहून यायचं, डिप्रेशनचा धोका कमी, मध्यम की जास्त.

मी पत्रक हातात घेतलं. ती मोठ्या अक्षरांतली ओळ मी तीनदा वाचली. हीही माझ्या आजाराची खूण आहे असं त्यांना वाटलं असेल.

"सायन्स किती पुढं गेलं पाहा," भाऊजी म्हणाले. "आता हे रक्तात दिसते. उद्घाटनाले शहरातले डॉक्टर येऊन राहिले, महिला मंडळ येऊन राहिलं. मी म्हटलं, आपल्या घरातलंच उदाहरण असतानी बाहेरचं कायले पाहिजे? तू बोलशीन का? पाच मिनिटं. मास्तरीण आहेस, तुले काय कठीण?"

"काय बोलू?"

"हेच, की आजार होता. त्रास झाला. वेळेवर टेस्ट असती तं लवकर कळलं असतं."

एवढं ते सरळ चेहऱ्याने म्हणाले. बाग, विस्तव, पट्टी, त्यांना काही आठवत नव्हतं. मी आधी समजत होते की ते विसरल्याचं सोंग करतात. त्या दिवशी कळलं, खरंच विसरले होते. त्याने मला जास्त राग आला.

"बोलते ना," मी म्हटलं. "पण भाऊजी, आधी माझी टेस्ट करा. टेस्ट न करता टेस्टबद्दल कशी बोलू?"

ते खूश झाले. म्हणाले, "वा! घरच्या सगळ्याच बायांची करून टाकू."

रिपोर्ट आले. मला त्यांचा फोन आला, आवाज जरा खाली. "तुझं लो आलं. धोका कमी. तू गोळ्या घेऊन राहिली ना, त्यानं असंन. तू स्टेजवर आकड्याचं काढू नको. नुसतं म्हण की टेस्टमध्ये आलं."

"काय आलं?"

"अवं, आलं म्हण. कोण पाहून राहिलं?"

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा काटोलहून फोन. माझी नणंद म्हणजे घरातलं सगळ्यात हसरं माणूस. तेरवीला गेली तरी तिच्या पंगतीत हसू फुटतं. ती रडत होती.

"वहिनी, माझं हाय आलं वं. धोका जास्त लिवलं. मी तं जेवून राहिली, झोपून राहिली, हसून राहिली. मले कायचं डिप्रेशन? घरात सगळे मायाकडं कसेतरी पाहून राहिले. सासू म्हणते, विहिरीकडं एकटी नको जाऊ."

मी डोळे मिटले. हे बक्षीस मी मागितलंही नव्हतं. मी सावकाश म्हटलं, "ताई, रक्त खोटं बोलत नाही."

ती काही मूर्ख नाही. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या दिवशी बागेत मी हसली होती, नाही वं?"

"हो. सगळ्यात आधी."

थोडा वेळ मी तिला तसंच राहू दिलं. मग विचारलं, "तुमचा दात-बित दुखतोय का?"

"दाढ सुजली ना. पंधरा-वीस दिवस झाले. काहून?"

मग मी तिला डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. सूज, हिरडी, उंचीचं उदाहरण. ती ऐकत होती आणि मधूनमधून "हो का," म्हणत होती. शेवटी म्हणाली, "मंग दादा हे काय विकून राहिला?"

उद्घाटन लॅबच्याच इमारतीतल्या वरच्या हॉलमध्ये होतं. फुलांची कमान, दिवा, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. पहिल्या रांगेत सासूबाई शाल पांघरून. डॉक्टर मंडळी मागे, महिला मंडळाच्या बायका एकसारख्या साड्यांत. माझा नवरा भाऊजींच्या बाजूला आणि मुलगी मैत्रिणीला घेऊन शेवटच्या रांगेत. मी माझी चांगली हातमागाची साडी नेसले होते. घरून निघताना गोळी घेतली होती, नेहमीसारखी.

भाऊजींनी माझी ओळख करून दिली. "आमच्या घरची सून. हिनं स्वतः भोगलं आहे," असं म्हणताना त्यांनी रुमालही काढला.

मी माईक घेतला. मी वर्गात बोलते तशी, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशी बोलले.

"भाऊजी म्हणाले ते खरं आहे, मी भोगलं. मला डिप्रेशन होतं तेव्हा याच लॅबमध्ये माझं रक्त तपासलं होतं. सगळं नॉर्मल आलं. भाऊजींनी तो रिपोर्ट काटोलच्या बागेत सगळ्यांना वाचून दाखवला, म्हणाले, रक्तात काही नाही, आणि माझ्या गोळ्या गोवऱ्यांच्या विस्तवात टाकल्या. त्यानंतर काही दिवसांनी मी मरायला निघाले होते."

भाऊजी हसत होते, पण ते हसू चेहऱ्यावर विसरून राहिलेलं होतं.

"आता यांची नवी टेस्ट आली. मी ती केली. हा रिपोर्ट. धोका कमी. मी आजही या आजाराच्या गोळ्या घेते, आणि ही टेस्ट म्हणते मला काही नाही. भाऊजींनी मला सांगितलं, आकड्याचं काढू नको, नुसतं आलं म्हण. मी म्हणत नाही. कारण उद्या तुमच्यापैकी कोणाची तरी सून, मुलगी इथे येईल. तिचंही असंच कमी येईल. आणि घरी कोणीतरी तिच्या गोळ्या विस्तवात टाकेल."

"वेळ कमी आहे, वेळ कमी आहे," भाऊजी पुढे आले. माईक मी सोडला नाही. ते माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "हिले खाली घे रे."

माझा नवरा जागचा हलला नाही. त्या दिवशीही तो गप्पच बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं गप्प बसणं माझ्या बाजूला पडलं.

तेवढ्यात बायकांमधून नणंद उठून उभी राहिली. गाल अजून थोडा सुजलेला. "आणि माझं हाय आलं!" ती ओरडली. "सांगा दादा, मले काय झालं? दाढ सुजली आहे माझी! माझी सासू मले विहिरीवर जाऊ नाही देऊन राहिली!"

आधी एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळा हॉल. बागेतल्यासारखं मोकळं, पोटातून आलेलं हसू. मी ते उभी राहून ऐकलं, एकही थेंब सांडू न देता. मागच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर उठले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, एका पेशंटचं निदान या टेस्टवर करायला आधार काय आहे, ते जरा सांगाल का?" भाऊजींनी टायची गाठ सैल केली आणि चहा घ्यायची विनंती केली.

खाली उतरताना सासूबाईंनी माझा पदर धरला. "घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली वं तू," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात हळूच सोडवला आणि म्हटलं, "बागेत आधी आणली होती ना, सासूबाई. मी फक्त जागा बदलली."

रात्री भाऊजींचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"तू माझी अब्रू घालवली."

"तपासून पाहा," मी म्हटलं. "नॉर्मल असेल."

त्यांनी फोन आपटला. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. ती नखं कुरतडत म्हणाली, "गोळ्या खरंच विस्तवात टाकल्या होत्या? काकांनी मला सांगितलं होतं की तू कंटाळून सोडल्यास."

"तू ते खरं मानलंस?"

"मानलं," ती म्हणाली. आणि रडायला लागली. तिला जवळ घेताना मला भाऊजींवर नव्याने राग आला, कारण हे एक मला माहीतच नव्हतं.

पॅकेज काही आठवड्यांतच गेलं. लोकांना सांगितलं, करारात अडचण आली. भाऊजींची लॅब बंद पडली नाही, शुगर-थायरॉईडवर ती अजून जोरात चालते. माफी त्यांनी मागितली नाही आणि मला ती नकोही आहे. माफी मागितली तर मला काहीतरी परत द्यावं लागेल. रोडग्यांचं बोलावणं आता आम्हाला येत नाही. नणंद मात्र तिच्या शेतातून वांगी पाठवते. नवरा एकदा एकटाच बागेत जाऊन आला आणि आल्यावर म्हणाला, "मजा नाही आली."

मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा खाली गेले. हॉलमधलं हसू आठवून बघितलं, पण त्याने मला पलंगावरून उठवलं नाही. डोस वाढवला तेव्हा उठले. डॉक्टरबाईंच्या संशोधनाला मी अजूनही रक्त देते, त्या बोलावतील तेव्हा. आकडा विचारत नाही.

शाळा सुटल्यावर मात्र मी कधीकधी मुद्दाम रामदासपेठेतून जाते. लॅबच्या काचेवर त्या पॅकेजचं मोठं स्टिकर होतं, ते खरवडून काढलंय, पण नीट निघालेलं नाही. खिडकीतल्या बाईचा एक खांदा आणि डिंकाचे डाग तेवढे राहिलेत. तिथे आले की मी स्कूटी हळू करते, नीट बघून घेते आणि मग घरी जाते.